फॅट किती लागली?

आमच्या माणदेशात बाई नवऱ्याला 'मालक' म्हणते. 'मालक रानात गेल्यात', 'मालकांना इचारून सांगते'. त्यामुळे सप्टेंबर २०१७ च्या सभेत आमच्या संघाच्या अध्यक्षबाईंनी "दूध केंद्राची मालकी कोण घेतंय?" असं विचारलं, तेव्हा मागच्या सतरंजीवर खुसफूस झाली. बाईंनी शब्द बदलला. "बरं, जबाबदारी कोण घेतंय?" आता हसणं थांबलं, पण हात कुणाचाच वर गेला नाही.

मी केला. तो का केला हे मला त्या दिवशी सांगता आलं नसतं. घरी गेल्यावर सासूबाईंनी तेच विचारलं, तर मी म्हटलं, कुणीच करंना म्हणून केला. ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. मला ते काम हवं होतं. एखादं काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत आपल्या हातून जावं, त्याचं बरंवाईट आपल्या नावावर लागावं, असं मला किती दिवसांपासून वाटत होतं. ते तोंडानं बोलायची सवय नव्हती इतकंच.

आमचा संघ म्हणजे आसपासच्या एकोणीस गावांतल्या बचत गटांनी मिळून उभी केलेली संस्था. नाबार्डनं, म्हणजे शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेनं, १९९२ मध्ये ५०० गट बँकांशी जोडून बघायचा प्रयोग सुरू केला. त्याचं वारं आमच्या वाडीपर्यंत यायला पुढची पंधरा-सोळा वर्षं गेली. मी २००९ मध्ये महिना ५० रुपयांवर गटात बसले. बारावीपर्यंत शिकलेली आणि अक्षर बरं, म्हणून सहा महिन्यांत माझ्याकडं दप्तर आलं. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे, सगळं नियमित, ही पंचसूत्री मी इतक्यांदा मोठ्यानं वाचून दाखवली आहे की झोपेतही म्हणेन. २०१४ मध्ये संघानं मला सहयोगिनी म्हणून घेतलं, म्हणजे मानधनावर. बावीस गटांच्या बैठका, त्यांची दप्तरं, बँकेच्या फेऱ्या.

संघातल्या पायऱ्या कुठं छापलेल्या नाहीत, पण सगळ्यांना पाठ आहेत. सदस्य, मग गटाची सचिव, मग सहयोगिनी, मग एखादा प्रकल्प अंगावर, आणि जमलं तर व्यवस्थापक. बाहेरून माणूस आणून वरच्या पायरीवर बसवायचं नाही हे पहिल्यापासून ठरलेलं. लिज्जतच्या बायकांचं उदाहरण आमच्या प्रशिक्षणात नेहमी द्यायचे. १९५९ मध्ये गिरगावात गच्चीवर सात जणी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या, आणि आजही तिथं शाखेची संचालिका होते ती पापड लाटत आलेली बहीणच असते. मला त्या गोष्टीतले ८० रुपये कधी फारसे भावले नाहीत. लाटणं हातात धरलेली बाईच पुढं शाखा चालवते, हे मात्र मनात राहिलं.

आमच्या पायऱ्यांची एक गोष्ट मला वर चढल्यावरच कळली. कचेरीत माणूस वर जाईल तशी त्याच्या डोक्यावरची माणसं कमी होत जातात. आमच्याकडं उलटं आहे. सचिव होते तेव्हा मला जाब विचारणाऱ्या दहा जणी होत्या. सहयोगिनी झाले तेव्हा अडीचशे. व्यवस्थापकाला तर संघातली कुठलीही सदस्य बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर अडवून विचारू शकते, आणि विचारते, की आमच्या गटाचं कर्ज का अडकलंय. तिच्या वर्गणीवर संस्था उभी आहे. तिला तो हक्क आहे.

दूधच का, ते सांगते. माणमध्ये पाऊस कमी, रान उघडं, पण संकरित गाय दारात असते. २०१३ च्या दुष्काळात माणसं जनावरं घेऊन चारा छावण्यांत राहिली, २०१९ मध्ये पुन्हा राहिली, पण गाय विकली नाही, कारण दर दहा दिवसांनी हातात येणारा पैसा तिचाच. त्याला आम्ही 'दुधाचा पगार' म्हणतो. शेण काढायचं बाईनं, वैरण कापायची बाईनं, पहाटे धार बाईनं काढायची, आणि डेअरीतलं खातं मात्र मालकांच्या नावावर. जमिनीचंही तसंच. शेतकरी संघटनेनं १९८६ मध्ये चांदवडला बायकांचं एवढं मोठं अधिवेशन भरवलं, पुढं बायकोच्या नावावर जमीन करायची लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली. पण आमच्या वाडीचे सातबारे काढून बघितले तर बाईचं नाव बोटावर मोजण्याइतकं. जमिनीला हात लावणं आमच्या संघाच्या आवाक्यात नव्हतं. दुधाचं खातं होतं. गावात आपलं संकलन केंद्र काढायचं, खाती फक्त बायकांच्या नावानं उघडायची, दूध मोठ्या डेअरीला घालायचं आणि लिटरमागं मिळणारं कमिशन केंद्राच्या निधीत ठेवायचं, असा तो प्रकल्प होता. पहिल्या दिवशी एक्केचाळीस खाती निघाली आणि ९६ लिटर दूध आलं.

कामाचे पहिले दोन महिने मी फक्त शिकत होते. दूध कॅनमध्ये ओतलं की नमुना घेण्याआधी तळापासून नीट ढवळायचं, नाहीतर वरची साय नमुन्यात येते. सकाळच्या दुधाला फॅट कमी लागते आणि संध्याकाळच्या दुधाला जास्त, कारण रात्रीचं अंतर मोठं असतं, दूध भरपूर उतरतं पण पातळ. धारेचं शेवटचं दूध सगळ्यांत जाड. वासरानं तेच प्यायलं तर बाईच्या पगारातून पैसे गेले. जर्सी गायीला फॅट बरी लागते, एचएफ म्हणजे होल्स्टिन गाय कॅन भरते पण फॅट खाली. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग, हे प्रमाण. त्याच्या खाली एकेक पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, दर कापला जातो. आमच्या दरपत्रकात तेव्हा फॅटचा एक पॉइंट म्हणजे ३० पैसे. तीस पैसे ऐकायला काहीच नाहीत. आठ लिटर दूध घालणाऱ्या बाईला तीन पॉइंट कमी लागले तर दिवसाला सात रुपये वीस पैसे, महिन्याला दोनशेच्या वर. आमच्या गटाची तेव्हाची महिन्याची बचत १०० रुपये होती.

म्हणून केंद्रावर येणारी प्रत्येक बाई एकच प्रश्न विचारायची. "फॅट किती लागली?" दिवसातून दोनदा, एक्केचाळीस तोंडांनी. मशीनच्या पडद्यावर आकडा यायचा, मी वाचायची, वहीत लिहायची, चिठ्ठी द्यायची. आकडा चांगला आला की बाईचा चेहरा खुलायचा, जणू मीच तिला काही दिलं. कमी आला की माझ्याकडं अशी बघायची, जणू मीच काढून घेतलं. कुठलंच खरं नव्हतं, पण दोन्ही अंगाला लागायचं.

पहिली परीक्षा घरातच झाली. मार्च २०१८ मध्ये माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या दुधाला एसएनएफ बसेना. ७.९, मग ७.८, मग ७.६. फॅट ठीक, पण दूध हलकं. रांगेतल्या बायकांनी आकडे ऐकले आणि एकमेकींकडं पाहिलं. हलक्या दुधाचा पहिला अर्थ सगळ्यांना माहीत असतो, तो म्हणजे पाणी. जाऊबाईंनी माझ्याकडं पाहिलं. एका घरात दोन चुली, अंगण एक, माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनी काढली. मी आकडा जसाच्या तसा लिहिला. त्यांचा त्या दहा दिवसांचा पगार चारशे रुपयांनी कमी आला. चिठ्ठी त्यांनी वाचली, पदरात खोचली आणि मग बारा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

मी बरोबर केलं असं मला वाटत होतं. आकडा खरा होता, लिहिणं माझं काम होतं, घरचं म्हणून सवलत दिली असती तर दुसऱ्या दिवशी केंद्र बंद करावं लागलं असतं. आजही मी तसाच लिहीन. पण मी तिथंच थांबले, ही माझी चूक. डेअरीचे पशुवैद्य दुसऱ्या कामाला आले होते, त्यांना सहज बोलता बोलता सांगितलं तर ते म्हणाले, गाय बघू या. त्यांनी चारही सडांचं दूध वेगवेगळं काढून औषध टाकून बघितलं. एका सडाचं दूध लगेच जेलीसारखं झालं. कासदाह होता, आम्ही त्याला दगडी म्हणतो, पण दगडीत कास सुजून कडक होते ती आम्ही ओळखतो. ही आतल्या आत होती, वरून काही दिसत नव्हतं. अशा आजारात दुधातली साखर कमी होते आणि एसएनएफ घसरतो. पाण्याचा थेंब नव्हता.

त्या संध्याकाळी मी जाऊबाईंच्या चुलीपाशी जाऊन बसले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण सुचलं नाही. त्यांनीच चहा पुढं केला आणि म्हणाल्या, "तू लिवलंस त्याचं काय न्हाय. तू गोठ्यात आली न्हाईस, त्याचं वाटलं."

त्यानंतर मी एक नेम केला. कुणाचाही एसएनएफ सलग तीन दिवस घसरला की त्या गोठ्यात जायचं. पाण्याचा संशय मनात असला तरी आधी सुकी वैरण किती, पेंड किती, गाय कितव्या महिन्याची, कास हाताला कशी लागते, हे बघायचं. तीन वर्षांत अशा सत्तावीस गोठ्यांत गेले. त्यातल्या दोनच ठिकाणी पाणी निघालं. बाकीच्या ठिकाणी उपाशी गाय होती, नाहीतर आजारी. उपाशी गायीमागं बहुतेक वेळा पैशाची ओढ होती, आणि तिथं मला गटाच्या कर्जाची गोष्ट काढता आली. दूध केंद्र आणि बचत गट ही दोन कामं मला तोवर वेगवेगळी वाटत होती.

दुसरी परीक्षा माझ्या स्वतःच्या चुकीची. ती सांगायला अजूनही जड जातं.

मशीन रोज दोन्ही वेळा साध्या द्रावणानं धुवायचं आणि आठवड्यातून एकदा आम्लाच्या द्रावणानं, कारण आतल्या बारीक नळीत दुधाचा थर बसतो. डिसेंबर २०१८ मध्ये आम्लाच्या द्रावणाची बाटली संपली. नवी मागवायची राहिली. घरी नणंदेचं लग्न, संघाचं लेखापरीक्षण, मी आज मागवू उद्या मागवू करत राहिले. आकडे हळूहळू वर सरकले. थंडीत फॅट वाढतेच, त्यामुळे मला वेगळं वाटलं नाही, उलट बरं वाटलं. बायका खूश होत्या. जानेवारीत डेअरीच्या पावत्या आमच्या वहीशी ताडून बघायला बसले तेव्हा दिसलं की आमची सरासरी ३.८ आणि डेअरीची ३.६. छत्तीस दिवस. तोवर रोजचं दूध १८० लिटरवर गेलं होतं. दोन पॉइंटचे ६० पैसे लिटरमागं आम्ही बायकांना जास्त दिले होते आणि डेअरीकडून ते आले नव्हते. ३,८८८ रुपये.

मी ती वही मिटून चार दिवस कपाटात ठेवली. या चार दिवसांत माझ्या मनात काय आलं तेही सांगते. पुढच्या महिनाभर प्रत्येकीचे दोन-दोन पॉइंट कमी लिहिले असते तर नुकसान भरून निघालं असतं आणि कुणाला कळलं नसतं. आकडा मीच वाचत होते, मीच लिहीत होते. पडदा माझ्याकडं होता. गावोगावच्या केंद्रांवर हेच चालतं म्हणून तर आम्ही आपलं केंद्र काढलं होतं, आणि त्याच जागी मी उभी होते. मला चोरीसुद्धा करायची नव्हती, फक्त माझी चूक झाकायची होती. फरक बाईच्या पगारात दिसला नसता.

महिन्याच्या सभेत मी सांगितलं. बाटलीपासून सांगितलं. कुणी ओरडलं नाही, त्यामुळे जास्त त्रास झाला. मग दोन तास चर्चा चालली. जास्त गेलेले पैसे प्रत्येकीकडून परत घ्यावेत, असं एकीचं म्हणणं. ते पैसे पेंडीत गेले, आता कुठून आणायचे, असं दुसरीचं. माझ्या मानधनातून कापावेत, असं मीच म्हटलं. त्यावर गटातली सगळ्यांत वयस्कर आजी, जिला अंगठाच येतो, ती म्हणाली, "हिच्याकडनं घेतलं तर पुढल्या टायमाला हात कोण वर करंल? आनि करंल त्यो खरं का सांगंल?"

नुकसान केंद्राच्या निधीतून भरायचं ठरलं. त्याबरोबर दोन नियमही झाले. दर दहा दिवसांनी पाच नमुने डेअरीच्या प्रयोगशाळेत न्यायचे आणि गर्बर पद्धतीनं तपासून घ्यायचे. नमुने न्यायला दर वेळी वेगळी सदस्य, मी नाही. आणि मशीन धुतल्याची वही ठेवायची, तिच्यावर माझ्याखेरीज दोघींच्या सह्या.

सह्यांचा नियम माझ्या मनाला लागला. मी खरं सांगितलं म्हणून विश्वास वाढायला हवा होता, आणि इथं पहारा बसला, असं वाटून मी घरी येऊन रडले. पुढं तीन-चार महिन्यांत एक वेगळीच गोष्ट घडली. नमुने घेऊन जाणाऱ्या बायकांनी प्रयोगशाळेत उभं राहून बघितलं. काचेच्या नळीत आधी १० मिली आम्ल, मग अलगद १०.७५ मिली दूध, मग १ मिली अमाइल अल्कोहोल. हलवलं की नळी हाताला चटका बसेल इतकी गरम होते. मग यंत्रात गरगर फिरवतात आणि पिवळं तूप वर येऊन उभं राहतं, त्याची उंची म्हणजे फॅट. ज्या बाईनं ते तूप डोळ्यांनी बघितलं, तिला आकडा काय असतो ते कळलं. पंधरा-सोळा जणी बघून आल्या तेव्हा केंद्रावरचे तंटे निम्म्यानं कमी झाले. मला समजावून सांगावं लागत नव्हतं. रांगेतलीच एखादी दुसरीला सांगायची की काल पेंड दिली नव्हतीस ना, मग? मी ज्याला पहारा समजले होते त्यानं माझ्या अंगावरचं निम्मं ओझं उचललं होतं. पण कबूल करायला वर्ष गेलं.

२०२० च्या टाळेबंदीत हॉटेलं आणि मिठाईची दुकानं बंद झाली, तिशीच्या आसपासचा दर विशीच्या खाली आला. ते दिवस सगळ्या महाराष्ट्रानं बघितले, मी वेगळं काय सांगू. केंद्र एक दिवसही बंद ठेवलं नाही एवढंच.

आमच्या संघात प्रकल्प एका बाईकडं पाच वर्षांच्या वर राहत नाही. हात वर केला त्या दिवशी हा नियम मला माहीत होता, आणि पाच वर्षं म्हणजे जन्मभर असं वाटलं होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये मुदत संपली. मला व्यवस्थापक म्हणून घ्यायचं कार्यकारिणीनं आधीच ठरवलं होतं. बायकांनी ओटी भरली, अभिनंदन केलं. मी मात्र केंद्राच्या कपाटाची किल्ली कमरेला तशीच ठेवून आठ दिवस फिरत होते. कुणी मागितली नव्हती, असं मी स्वतःला सांगत होते.

माझ्या जागी आली ती चोवीस वर्षांची, बीकॉम झालेली, गटात येऊन तीनच वर्षं झालेली. सभेत हात वर करताना तिनं इकडंतिकडं बघितलंही नाही. मी तिला सगळं शिकवलं, वह्या दाखवल्या, सत्तावीस गोठ्यांची माझी लाल वही दिली. पहिल्या महिन्यात तिनं लाल वही बंद करून ती माहिती प्रत्येकीच्या खात्याच्या पानावरच लिहायला सुरुवात केली, म्हणजे ती बाईला स्वतःलाही वाचता यावी. सूज्ञ बदल होता. तरी मला लागलं. मी कार्यकारिणीत काही बोलले नाही. बोलायला मुद्दाच नव्हता.

व्यवस्थापक झाले तरी माझ्या गोठ्यात गाय आहे आणि केंद्रात माझं खातं आहे. नोव्हेंबरात एका संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी मी स्वतः दूध घेऊन गेले. रांगेत माझ्यापुढं पाच जणी होत्या. एक-दोघी म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढं. त्या मुलीनं मान वर केली, मला बघितलं आणि पुढच्या बाईचा कॅन घेतला. मी रांगेतच उभी राहिले.

माझा नंबर आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की टेबल फिरवलंय. माझ्या पाच वर्षांत मशीनचा पडदा माझ्याकडं असायचा, मी वाचायची आणि बायका ऐकायच्या. आता पडदा रांगेकडं होता आणि मुलगी बाजूला वाकून त्यात बघत होती. एवढी साधी गोष्ट, आणि मला पाच वर्षांत सुचली नव्हती. त्या चार दिवसांनंतरसुद्धा सुचली नव्हती.

तिनं दूध तळापासून ढवळलं, नमुना घेतला, नळी बुडवली. मशीन घुरघुरलं. माझी गाय म्हातारी झालीय आणि त्या आठवड्यात पेंड आणायची राहिली होती. मी चष्मा शोधत होते, तेवढ्यात मागून थोरल्या जाऊबाईंचा आवाज आला. माझ्या आधी त्यांनीच वाचलं.

"तीन-दोन."